पात्यांचा पाऊस

११ एप्रिल

चिमणे,

आशीर्वाद. तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून ताईकडे गाऱ्हाणं घातलंस ते कळलं. अगं, या डोंगरमाथ्यावर निम्मं बोलणं वाराच खातो. कागदावर माणूस समोरच्याचं पुरतं ऐकून तरी घेतो. तेव्हा माझ्याशी भांडायचं असेल तर पत्रानं भांड.

आज मात्र मीच भांडायला बसलोय. तुझ्या त्या रडारनं आमचा जीव नकोसा केलाय. आमच्या पवनचक्क्यांच्या तळावर तुमच्या हवामान कचेरीशी जोडलेला भोंगा आहे. तो वाजला की वर असेल त्यानं हातातलं काम टाकून शिडीनं खाली यायचं आणि विजांचा धोका टळेपर्यंत खालीच थांबायचं. नियम चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण या आठवड्यात तो रोज दुपारी वाजला. काल माझा जोडीदार बोका वर होता. पात्यांच्या मागे जी यंत्राची खोली असते, तिच्यात अर्धे नट सोडून बसला होता. भोंगा वाजला, बिचारा धापा टाकत उतरला, आणि वर बघतो तर आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. त्यानं तुझ्या नावानं काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बोका म्हणजे लहानपणी तू ज्याच्या मिशा ओढायचीस तोच.

मी हल्ली वर चढत नाही. गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. आता माझं काम खालचा पहारा. आभाळावर नजर ठेवायची, कुठे गडगडतंय का कानोसा घ्यायचा आणि वरच्यांना वॉकीटॉकीवर सांगायचं. म्हणून मला जास्त काळजी वाटते. साप साप म्हणून किती दिवस भुई धोपटायची? पोरं आता भोंग्याला हसायला लागली आहेत. परवा वरून एक जण ओरडला म्हणे, ‘वाजू दे, चहा पिऊन उतरतो.’ एखाद्या दिवशी खरंच साप निघाला तर?

तुम्ही लोक थंड खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकता. जरा खाली उतरून बघा.

तुझा
मामा


१७ एप्रिल

प्रिय मामा,

थंड खोली खरी आहे, पण ती यंत्रांसाठी थंड ठेवलेली आहे. आम्ही आत स्वेटर घालून बसतो आणि बाहेर आलो की घामाघूम होतो. शेवटची सुट्टी कधी घेतली ते मला आठवत नाही. वादळांचे दिवस सुरू झाले की आमच्याकडे पाळी संपत नाही, फक्त खुर्चीवरचं माणूस बदलतं. तेव्हा उंट असला तरी त्याच्यावर मी झोपलेली नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझं पत्र आल्यावर मी मागची सगळी चित्रं काढून बसले. दुखणं सापडलं. रडार एक लहर सोडतं, ती कशावर तरी आपटून परत येते, त्यावरून कुठे पाऊस आहे ते कळतं. लहर डोंगरावर, इमारतींवरही आपटते. पण ते जागचे हलत नाहीत, म्हणून प्रोग्रॅम त्यांना ओळखून वगळतो. तुमची पाती फिरतात. ती हलतात म्हणून त्याला वाटतं, हे पावसाचे थेंब आहेत. मग पुढच्या तासाभराचा अंदाज काढताना तो बघतो की हा डाग कुठल्या दिशेनं सरकतोय. तुमचा डाग सरकतही नाही आणि विरतही नाही. त्याची समजूत अशी की तुमच्या डोक्यावर एक भलंमोठं वादळ ठाण मांडून बसलंय.

थोडक्यात, बोका पात्यांच्या पावसाला घाबरून उतरला. त्याला सांग, मिशा ओढल्याबद्दल माफी मागते, याबद्दलही मागते.

इथे माझंही काही बरं चाललेलं नाही. हा तातडीच्या अंदाजाचा प्रोग्रॅम मी उभा केला, आणि साहेब रोज खोट्या इशाऱ्यांचा आकडा माझ्या टेबलावर आणून ठेवतात. परवा म्हणाले, ‘असंच चालणार असेल तर जुनी पद्धत काय वाईट होती?’ जुन्या पद्धतीत वादळ आल्यावर कळायचं, हे त्यांना कोण सांगणार? मी दमलेय, मामा. पण यातून काहीतरी मार्ग काढते.

एक काम कर. चक्क्या कधी बंद असतात ते मला कळव, म्हणजे ताडून बघता येईल.

आणि आई सांगत होती, मागच्या खेपेला आलास तेव्हा टीव्हीचा आवाज इतका मोठा केलास की शेजाऱ्यांनी बातम्या आपल्या घरात बसून ऐकल्या. कान एकदा दाखवून घे.

तुझी
भाची


२४ एप्रिल

चिमणे,

ताईच्या घरात सगळे कुजबुजतात, त्याला मी काय करू? माझ्या कानांची काळजी सोड. पलीकडच्या खोऱ्यात वीज कडाडली तर पोरांच्या आधी मला कळतं. इतकी वर्षं या माथ्यावर काढली, आभाळ माझ्याशी घरच्यासारखं बोलतं.

चक्क्यांचं विचारलंस. मागच्या मंगळवारी दुपारभर सगळ्या बंद ठेवल्या होत्या, तारेचं काम होतं. तेव्हाची चित्रं काढून बघ.

तुझं पत्र बोक्याला वाचून दाखवलं. पात्यांचा पाऊस ऐकून तो इतका हसला की चहा नाकातून आला. माफी मंजूर केली आहे, पण धाकटीच्या गणिताच्या शिकवणीच्या बदल्यात. त्याला दोन मुली आहेत आणि धाकटी गणितात बापावर गेलीय. बाप वर चढताना पायऱ्या मोजतो आणि दर वेळी वेगळा आकडा सांगतो.

दमलेय म्हणालीस. दमलं की माणूस घाईनं काम उरकतं, असं माझा अनुभव सांगतो. सावकाश कर. पण लवकर कर, कारण भोंगा आजही वाजला.

मामा


६ मे

प्रिय मामा,

झालं एकदाचं. त्या मंगळवारच्या चित्रांत तुमच्या माथ्यावर डागाचा मागमूस नाही, संध्याकाळी चक्क्या सुरू झाल्या तसा डाग हजर. ते चित्र साहेबांसमोर ठेवलं आणि त्यांनी आकड्यांचा कागद उचलून परत नेला.

आता मी त्या तुकड्यावर झाकण घातलंय. म्हणजे तुमच्या माथ्यावर काय दिसतं ते प्रोग्रॅम बघतच नाही. चारी बाजूंना जे दिसतं त्यावरून मधली जागा भरून काढतो. लांबून चालत आलेलं वादळ आधी बाहेर दिसेल, त्याची दिशा कळेल आणि भोंगा वेळेत वाजेल. पात्यांमुळे मात्र आता वाजणार नाही. तेव्हा पोरांना सांग, यापुढे भोंगा वाजला की हसायचं नाही, उतरायचं.

दुसरी गोष्ट नीट वाच आणि तीही सगळ्यांना वाचून दाखव. काही वादळं कुठून येत नाहीत. दुपारी माथा तापला की तिथेच, डोक्यावर उभी राहतात. अशी थोडी असतात, पण असतात. ती झाकणाच्या बाहेर सांडेपर्यंत प्रोग्रॅमला कळणार नाहीत. त्या वेळी भोंगा उशिरा वाजेल, कदाचित वाजणारच नाही. तिथे सगळी भिस्त तुझ्यावर आहे. साहेब सही करायला का कू करत होते, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तळाशी पहाऱ्याला माझा मामा असतो, आमच्या रडारपेक्षा त्याचे कान जुने आणि खात्रीचे आहेत. मग त्यांनी सही केली.

कायमचा उपाय याहून चांगला असायला हवा, ते मला कळतंय. पण तो शोधायला डोकं ताजं लागतं. सध्या एवढ्यावर भागवू.

तुझी
भाची


१९ मे

चिमणे,

तुझं पत्र मी सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवलं. ‘हसायचं नाही, उतरायचं’ इथे आल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून भोंगा दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा खरंखुरं वादळ आलं. दुसऱ्या वेळी सगळे खाली येऊन दार लावतात न लावतात तोच गारा सुरू झाल्या. बोका म्हणाला, ‘भाचीनं नाव काढलं.’ आता तो दुपारच्या डब्याला बसताना रडारच्या दिशेला तोंड करून हात जोडतो. चेष्टा करतो, पण मनातून सुखावलाय. काम एकदा हातात घेतलं की पुरं होतं, मधेच टाकून यावं लागत नाही.

मीही निवांत आहे. खरं सांगू, पहारा हे फार थकवणारं काम. हात रिकामे आणि जीव टांगलेला. आता खुर्ची टाकून बसतो, जीव थोडा कमी टांगतो.

ताईला सांग, पुढच्या महिन्यात येईन. टीव्ही लावणार नाही.

मामा


३ जून

मामा,

बोक्याचं आईकडून कळलं. कमरेचा पट्टा शिडीला अडकवलेला होता म्हणून वाचला, उजव्या हाताची मूठ वळत नाही, पुन्हा चढता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, एवढंच तिला माहीत होतं. मी दवाखान्यात येणार होते, पण आम्हाला कचेरी सोडायला मनाई आहे. चौकशी चालू आहे.

शुक्रवारी पाळी माझी होती. रडार आधी जमिनीलगत फिरतं, मग मान थोडी थोडी उंच करत पुन्हा पुन्हा फिरतं. प्रोग्रॅम फक्त खालची फेरी वाचतो, कारण ती सगळ्यात आधी हाती येते. वरच्या फेऱ्या सहसा कुणी उघडून बघत नाही. मी सहज एक उघडली. तुमच्या माथ्याच्या बऱ्याच वर एक ठिपका होता. पुढच्या फेरीत तो दुप्पट झाला. त्यातला पाऊस अजून खाली उतरलाच नव्हता, म्हणून खालच्या चित्रात काही नव्हतं, आणि असतं तरी माझ्या झाकणाखाली गेलं असतं. हातानं भोंगा वाजवायला साहेबांचा होकार लागतो. साहेब जागेवर नव्हते. म्हणून मी तुला फोन केला.

मी म्हटलं, ‘मामा, वर कोण असेल त्याला आत्ताच्या आत्ता खाली बोलाव. डोक्यावर ढग उभा राहतोय.’

तू म्हणालास, ‘हो गं, कळलं. आवरतोच आहे. तू जेवून घे.’

तुझा आवाज इतका शांत होता की माझी सगळी धडधड थांबली. वाटलं, याला माझ्या आधीच कळलंय. साहेबांना शोधायचं मी सोडून दिलं. आणि मामा, मी खरंच जेवायला गेले. परत आले तोवर डाग झाकणाबाहेर सांडला होता, भोंगा आपोआप वाजला होता आणि वीज पडून गेली होती. बोका भोंगा ऐकून शिडीवर आला आणि नेमका शिडीवरच सापडला.

तुला माझ्या फोननंतर भरपूर वेळ होता. मग तो तोपर्यंत वर कसा राहिला? तू सांगितल्यावर तो उतरला नाही का? एप्रिलमध्ये तिथे सगळे भोंग्याला हसायला लागले होते, म्हणून विचारते.

तुझी
भाची


१४ जून

मामा,

तुझं उत्तर नाही. आई म्हणते, तू दार उघडतोस आणि पाठ फिरवून आत जाऊन बसतोस.

चौकशीत मी सगळं सांगितलं. झाकणाचं सांगितलं, भोंगा न वाजवल्याचं सांगितलं, तुला फोन केल्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं, खरं बोललं की निदान आणखी कुणाचं वाईट होणार नाही. पण तुमच्या कंपनीचे लोक आता म्हणताहेत, पहारेकऱ्याला इशारा मिळाला होता, म्हणजे वरच्यालाही मिळाला असणार, तरी तो उतरला नाही, तर दोष त्याचाच. तसं ठरलं तर त्याचा इलाजही कंपनी करणार नाही म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी असं तर होत नाही ना? ते तूच सांगू शकतोस.

मी रोज घरी न जाता नवा प्रोग्रॅम लिहितेय. तुमच्या तुकड्यापुरती खालची फेरी सोडून द्यायची आणि वरच्या फेऱ्या वाचायच्या. पाती तिथवर पोचत नाहीत, आणि ढग आधी तिथेच दिसतो. त्या शुक्रवारची चित्रं त्यातून चालवून बघितली. वीज पडण्याच्या बरंच आधी इशारा येतो. बोका सावकाश उतरून, हात धुऊन, डबा उघडून बसला असता. एवढं साधं होतं. हे मे महिन्यात का सुचलं नाही, असं साहेबांनी विचारलं.

मामा, काय झालं ते लिही. काहीही असलं तरी लिही.

भाची


२० जून

चिमणे,

बोक्याला कुणी सांगितलंच नाही. मला तुझं बोलणं ऐकू आलं नव्हतं.

माझा उजवा कान पार गेलाय आणि डाव्यात थोडी धुगधुगी आहे. इतकी वर्षं त्या यंत्राच्या खोलीत डोकं घालून काढली, ती कुठेतरी वसूल होणारच. फोन आला की मला खिशातल्या थरथरीनं कळतं. त्या दिवशी तुझं नाव दिसलं. दुपारची वेळ, म्हणजे तू ‘जेवलास का, आवरतोस कधी’ असंच काहीतरी विचारत असणार. मी तसं उत्तर दिलं. गेली तीन वर्षं मी सगळ्यांशी असाच बोलतो. समोरचा काय विचारत असेल त्याचा अंदाज करायचा आणि ‘हो, कळलं’ म्हणायचं. बहुतेक वेळा जमून जातं. तुझ्यासारखाच माझाही अंदाजाचा धंदा.

कळलं असतं तर मला पहाऱ्यावरून काढून घरी बसवलं असतं. मी एकटा माणूस, घरी बसून भिंतींशी बोलू? मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. म्हणून तुझं मे महिन्यातलं पत्र मी पोरांना वाचून दाखवलं ते पहिलंच पान. दुसऱ्या पानावर माझे कान होते. ते घडी करून खिशात घातलं. मनात म्हटलं, अशी वादळं थोडीच असतात, तीच म्हणतेय.

त्या दुपारी मी वर बघितलं नाही असं नाही. माथ्यावर ढग होता. पण थेट खाली बसलेल्याला ढगाची उंची कळत नाही, नुसता करडा तळ दिसतो. दोनदा गडगडला म्हणे. तळाच्या खोलीत पोरं डबा खात होती, त्यांनी ऐकलं. पहाऱ्याला मामा आहे म्हणून ती खात राहिली.

चार दिवसांपूर्वी तुझं दुसरं पत्र आलं. ते वाचून मी कंपनीच्या कचेरीत गेलो आणि सांगितलं, इशारा माझ्यापाशीच मेला, वर गेलाच नाही. तिथल्या साहेबांनी एक प्रश्न तीनदा विचारला, शेवटी वैतागून कागदावर लिहिला, तेव्हा त्यांची खात्री पटली. बोक्याचा इलाज आता कंपनीच करेल. मला घरी बसवलंय.

मग दवाखान्यात गेलो. स्टूल ओढून पलंगाशी बसलो आणि बोलायला तोंड उघडलं, तर बोका बऱ्या हातानं खुणा करायला लागला, पलीकडे ये, पलीकडे ये. मी वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसलो, तेव्हा माझा डावा कान त्याच्याकडे आला. कुठल्या कानात जीव आहे ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, चिमणे. ताईलाही नाही.

तो म्हणाला, ‘मामा, मला ठाऊक आहे. दोन-तीन वर्षं झाली.’ इथेही सगळे मला मामाच म्हणतात.

म्हटलं, ‘मग बोलला का नाहीस?’

‘बोलून काय? तुम्हाला घरी बसवलं असतं. मी वर असलो की थोड्या थोड्या वेळानं छतातलं दार उघडून आभाळ बघून घ्यायचो. मग तुम्हाला विचारायचो, मामा, कसं आहे? तुम्ही म्हणायचात, साफ आहे. मी म्हणायचो, बरं.’

‘आणि त्या दिवशी?’

तो म्हणाला, ‘त्या दिवशी नाही बघितलं. भाचीचं पत्र आल्यापासून बघायचं सोडलंच होतं. म्हटलं, आता कुणीतरी खरंच बघतंय. आपण खाली मान घालून काम करावं.’

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. पण एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. दमला होता. तीन वर्षं स्वतःचं काम करून वर माझा पहाराही करत होता तो, आणि मी खाली खुर्ची टाकून स्वतःला पहारेकरी समजत होतो. त्याची बायको चहा घेऊन आली.

मग दुसरं पान खिशातून काढून त्याच्या उशाशी ठेवलं.

तू स्वतःला किती दोष देत बसायचं ते तू ठरव, मला तो अधिकार नाही. पण तुझा नवा प्रोग्रॅम सुरू होईल तेव्हा त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सगळं लिहून काढ. ते मला पाठवू नकोस, बोक्याला पाठव. पुढच्या महिन्यापासून तळाची खुर्ची त्याची आहे. तो पोरांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवील.

मामा